कामठीचं पंक्चर आणि चहापत्तीची वडी

देवाजींनी आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या आणि एक खंडकाव्य लिहिलं. दोन्ही कामं त्यांनी एकाच पद्धतीनं केली.

खंडकाव्याचं नाव ‘नारिंगविजय’. नायक संत्रा. काटोलच्या एका बागेतून तो ट्रकमध्ये बसून दिल्ली जिंकायला निघतो, अशी कथा. कथा वाईट नव्हती. पण देवाजी भूमी अभिलेख खात्यातून रिटायर झालेले, आणि चतुःसीमा सांगितल्याशिवाय कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही असं त्या खात्यानं त्यांना शिकवलं होतं. त्यामुळे बागेचं वर्णन असं:

उत्तरेस वाहे नाला । दक्षिणेस पांदण चाला ।
पूर्वेस बांध घातला । पश्चिमेस बाभूळ ॥

पांदण म्हणजे शेतांमधली गाडीवाट. अशा ओव्या एका सर्गात शंभर. संत्रा झाडावरून तुटतो ती ओवी पहिल्या सर्गाच्या शेवटी येते, आणि तोवर शेजारच्या चार बागांच्या हद्दी सांगून झालेल्या असतात.

दरवर्षी मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी, दुपारी दीड वाजता, नागपूरला मानेवाड्याच्या ले-आउटातल्या, म्हणजे प्लॉटांच्या वसाहतीतल्या, आपल्या घरी देवाजी ‘नारिंगविजय’चं वाचन ठेवत. त्यांची इच्छा एकच होती. कोणीतरी, निदान एका माणसानं, हे काव्य जागेपणी शेवटपर्यंत ऐकावं. एकोणीस वर्षांत ते झालं नव्हतं.

माणसं येत नव्हती असं नाही. बावीस-तेवीस माणसं हमखास यायची, कारण वाचनाआधी जेवण असायचं आणि जेवणात देवाजींच्या पत्नीची, शोभाताईंची, सांभारवडी असायची. थंडीत नागपूरच्या बाजारात सांभार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर, गवतासारखा स्वस्त होतो. तो बारीक चिरून, खसखस-खोबरं-लसूण घालून, बेसनाच्या पारीत गुंडाळून तळायचा आणि वरून कढी ओतायची. शोभाताईंच्या हातची ती वडी खायला लोक काव्यसुद्धा सहन करायचे. आणि सहा वड्या पोटात गेलेला माणूस ‘दक्षिणेस पांदण’ ऐकून काय करणार? तो झोपायचा.

सर्वांत आधी नत्थूजी. ते रेल्वेत गार्ड होते. चौतीस वर्षं रात्री जागून काढल्यामुळे झोपेवर आपला थकबाकीसकट हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. मग शेजारच्या रुखमाबाई. त्या ऐकता ऐकता कापसाच्या वाती वळायच्या. अकराव्या वातीला त्यांचा हात थांबायचा. दत्तोपंत शाळेत मराठी शिकवत असत, म्हणून दरवर्षी तेच अध्यक्ष. अध्यक्ष असल्यामुळे ते डोळे उघडे ठेवून झोपायचे.

देवाजी माणूस सौजन्याचा. लोक झोपले की त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून ते आवाज खाली आणायचे. तिसऱ्या सर्गात ते कुजबुजायचे. पाचव्यात नुसते ओठ हलायचे. सहाव्यात वही मिटून ते कपाटातून चादरी काढायचे आणि एकेकाच्या अंगावर घालत फिरायचे.

शोभाताई स्वयंपाकघराच्या दारातून हे दरवर्षी पाहायच्या. संध्याकाळी सगळे गेल्यावर देवाजी म्हणायचे, “यंदा नत्थूजीनं दुसऱ्या सर्गात मान डोलावली, पाहिली का तू?”

ती मान डोलत नव्हती, पडत होती. पण शोभाताई म्हणायच्या, “हाव, पाहिली ना.” आणि चादरींच्या घड्या करायला घ्यायच्या. घड्या करताना दरवर्षी त्यांच्या मनात यायचं, एकदा तरी कोणी जागं राहा रे बापा. एकदा फक्त.

यंदाच्या गोष्टीची सुरुवात ऑक्टोबरात झाली. त्यांची मुलगी मिनल पुण्याला नोकरीत. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर तिला बापाचं पोट आधी दिसलं आणि बाप नंतर. आठच दिवसांत कुरियरनं दोन किलो ग्रीन टी घरी आली. पुड्या-दोरीवाली नाही, सुटी. सुकलेल्या गोळ्यांसारखी.

देवाजी ती दिवसातून तीनदा प्यायचे, वादातली जमीन मोजायला निघाल्यासारखा चेहरा करून. शोभाताईंचं लक्ष मात्र चाळणीत. गरम पाणी पडलं की ती गोळी फुलायची आणि तिचं चांगलं पान व्हायचं. हिरवंगार, मेथीएवढं. पाणी प्यायचं आणि भाजी फेकायची, ही पद्धत त्यांच्या माहेरी नव्हती आणि सासरीही नव्हती.

“आई, फेकू नको ना मग,” मिनल फोनवर म्हणाली. “ती खाता येते. लोक खातात. सलादमध्ये टाकतात, भातात टाकतात.”

“कोणते लोक?”

“असतात गं.”

“मंग त्यांच्या घरी भाजी येत नसन.”

खायचा प्रश्नच नव्हता. उकळून झालेली चहापत्ती खाणं म्हणजे शोभाताईंच्या हिशेबात निर्माल्य खाण्यासारखं. पण गुलाबाला ती चांगली, हे त्यांनी ऐकलेलं. गुलाबाला दात नसतात, म्हणून त्या रोजची पत्ती पिळून, विळीवर बारीक चिरून आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरायच्या आणि डबा फ्रीजरमध्ये ठेवायच्या. गुलाब पाच होते. पत्ती रोज तीनदा. डबा भरत गेला.

वाचनाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी तो डबा काढून खालच्या कप्प्यात ठेवला; उद्या सकाळी बर्फ सुटला की कुंड्यांना घालू म्हणून. मग सांभाराच्या सहा जुड्या निवडल्या, धुतल्या, चिरल्या. तो चिरलेला सांभार त्यांनी आईस्क्रीमच्या दुसऱ्या डब्यात भरला आणि त्याच कप्प्यात ठेवला. दोन्ही डब्यांवर बटरस्कॉच लिहिलेलं होतं.

रविवारी पहाटे शोभाताईंना सर्दी होती. नाकाचं दार दोन्हीकडून बंद. तरी चव घेतली असती तर कळलं असतं. पण ‘नारिंगविजय’च्या वहीची आधी सरस्वतीच्या फोटोपुढे पूजा व्हायची आणि वडीचा नैवेद्य दाखवला जायचा. नैवेद्याच्या पदार्थाची चव आधी घ्यायची नाही, हा नियम त्यांनी सासूकडून घेतला होता आणि सासूपेक्षा कडक पाळला होता. सांभार हाताला जरा ओलसर लागला. भाजीवाल्यानं वजनासाठी पाणी मारलं असणार, असं म्हणून त्यांनी मनातल्या मनात त्याच्या खानदानाचा उद्धार केला आणि दीडशे वड्या वळल्या.

बारा वाजता पंगत बसली.

नत्थूजींनी पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबले. वडी कडू होती. पण शोभाताईंची वडी कडू असू शकत नाही, ही गोष्ट ले-आउटात सर्वमान्य. म्हणजे आपल्या जिभेत काहीतरी बिघाड आहे. खात्री करायला त्यांनी दुसरी खाल्ली. शेजारी रुखमाबाईंची कवळी हल्लीच बदललेली. त्यांना वाटलं कवळीची चव आहे, चार-पाच वड्यांत जाईल. दत्तोपंतांना वाटलं कालचं आयुर्वेदिक चूर्ण अजून तोंडात आहे. बावीस माणसांनी बावीस कारणं शोधली आणि कारण तपासून पाहण्यासाठी प्रत्येकानं सहा-सहा, सात-सात वड्या खाल्ल्या.

“वहिनी, आज वेगळीच लागून राहिली,” नत्थूजी हात धुताना म्हणाले.

“चांगली ना?”

“आता... सात खाल्ल्या म्हणजे पाहा ना तुम्ही.”

दीड वाजता वाचन सुरू झालं. शोभाताई आत खरकटं काढत होत्या. पहिल्या सर्गात नत्थूजींचं घोरणं ऐकू आलं नाही. त्यांना वाटलं, सर्दीनं कान बसले. दुसरा सर्ग सुरू झाला तरी हॉलमधून कुठलाच आवाज येईना, तेव्हा त्या पदराला हात पुसत दारापाशी आल्या.

बावीस माणसं ताठ बसली होती. सगळ्यांचे डोळे सताड उघडे. नत्थूजींचा उजवा गुडघा शिलाई मशीनसारखा हालत होता. रुखमाबाईंपुढे वातींचा ढीग होता आणि ढिगामागे त्या दिसत नव्हत्या.

“थांबा, थांबा देवाजीभाऊ,” नत्थूजी एकदम म्हणाले. “दक्षिणेले पांदण म्हटली तुम्ही. किती फुटाची?”

देवाजींनी मान वर केली. एकोणीस वर्षांत त्यांना कोणी प्रश्न विचारला नव्हता.

“तेहतीस,” ते हळूच म्हणाले.

“मंग ट्रक जाते. बरोबर आहे. चालू द्या.”

देवाजी चष्मा काढून पुसू लागले. त्यांना चष्मा पुसायला बराच वेळ लागला. मग त्यांनी शाल बाजूला ठेवली आणि तिसरा सर्ग कुजबुजायच्या ऐवजी उभं राहून वाचायला घेतला.

शोभाताईंना आनंद व्हायला हवा होता. पण त्या या माणसांना ओळखत होत्या. आपोआप जागी राहणारी ही माणसं नव्हती. त्या विचार करत आत आल्या, गुलाबांना पत्ती घालायची राहून गेली म्हणून फ्रीज उघडला, डब्याचं झाकण काढलं. डबा सांभारानं काठोकाठ भरलेला. सहा जुड्या, जशाच्या तशा. दुसरा डबा त्यांनीच सकाळी धुऊन पालथा घातला होता.

त्यांनी फ्रीज बंद केला. पुन्हा उघडून पाहिला. मग मोरीजवळ जाऊन हळू आवाजात पुण्याला फोन लावला.

“मिनल, अवं ते चहाची पत्ती कोणी खाल्ली त काही होते का?”

“काही नाही होत. मी तेच तर सांगत होती तुला. फायदाच असतो. फक्त जास्त खाल्ली तर झोप लागत नाही. का गं, बाबांनी खाल्ली?”

“हाव.”

“किती?”

“बाबा आणि बावीस जण.”

मग मिनल म्हणाली, “आई, तू गुलाबांना काय घातलं?”

शोभाताईंनी फोन ठेवला. आता बाहेर जाऊन सांगायला हवं, हे त्यांना कळत होतं. नाव जायचं तर जाईल. पंचवीस वर्षांची वडी एका दिवसात बदनाम होईल, तेही सोसता येईल. त्या दारापर्यंत गेल्या.

हॉलमध्ये देवाजी चौथा सर्ग वाचत होते. संत्र्याची पेटी खिळ्यांनी ठोकली जाते तो प्रसंग. देवाजींचा आवाज चढलेला, कपाळावर घाम, आणि खिळ्यागणिक दत्तोपंत “आहा!” म्हणत होते. देवाजींची नजर दारात उभ्या शोभाताईंवर गेली. त्यांनी वाचता वाचताच भुवईनं लोकांकडे खूण केली: पाहून राहिली ना तू?

शोभाताईंनी मान डोलावली आणि परत आत गेल्या. सांगायचं नाही. मेलं तरी सांगायचं नाही.

सहावा सर्ग झाला. चादरी कपाटातच राहिल्या. सातव्यात ट्रक काटोलहून निघाला, आठव्यात कळमेश्वरला रेल्वेफाटक लागलं. तिथे नत्थूजींनी आक्षेप घेतला की गाडी येण्याआधी फाटक इतका वेळ बंद राहत नाही. देवाजी म्हणाले राहते. नत्थूजी म्हणाले, मी गार्ड होतो का तुम्ही? शेवटी फाटक तीन ओव्या आधी उघडायचं ठरलं आणि देवाजींनी पेन्सिलनं तशी दुरुस्ती केली. अकराव्यात ट्रकनं नागपूर ओलांडलं. सव्वाचार वाजता बारावा सर्ग संपत आला:

कामठीस पंक्चर झाले । चाक भुईस टेकले ।
संत्रा म्हणे काय आले । नशिबी माझ्या ॥

देवाजी थांबले.

“मंग?” नत्थूजी पुढे सरकले.

देवाजींनी पान उलटलं. आणखी एक उलटलं. घसा खाकरून त्यांनी पाणी मागितलं. शोभाताई पेला घेऊन बाहेर आल्या, तेव्हा वहीचं उघडं पान त्यांना दिसलं. कोरं होतं. त्याच्या पुढचंही कोरं होतं.

“देवाजी, पुढचा सर्ग घ्या,” दत्तोपंत अध्यक्षांच्या आवाजात म्हणाले.

“पुढचा नाही आहे,” देवाजी म्हणाले.

“म्हणजे?”

“लिहिलाच नाही मी.” देवाजी वहीकडे पाहत होते. “बारा सर्ग पहिल्या वाचनाआधीच झाले. मग... सहाव्यापुढं कधी गेलोच नाही न जी आपण. म्हटलं, कोणी तिथवर आलं की लिहू.”

नत्थूजींचा गुडघा अजून हालत होता. शोभाताईंच्या हातातला पेला तसाच राहिला. एकोणीस वर्षांनी लोक जागे राहिले, आणि आता नेमकं ऐकायलाच काही नाही. आता हे उठतील, चपला घालतील, जिन्यात हसतील.

“म्हणजे एकोणीस वर्षांपासून तो बिचारा कामठीले पंचर होऊन पडला आहे?” नत्थूजींचा आवाज चढला. “देवाजीभाऊ, संत्रा इतका टिकते का?”

“काव्यात टिकतो,” दत्तोपंत म्हणाले.

“काव्यात पण नाही टिकत! अन् ट्रकवाल्यानं स्टेपनी काहून नाही लावली?”

“स्टेपनी नाही आहे त्याच्याजवळ,” देवाजी अपराध्यासारखे म्हणाले. “दहाव्या सर्गात सांगितलं ना. विकली त्यानं.”

“हाव, विकली,” वातींच्या मागून रुखमाबाई म्हणाल्या. “मले तेव्हाच वाटलं, हा माणूस घात करन. पण संत्र्याचा, त्या पोराचा, काय दोष? लिहा तुम्ही पुढचं. आम्ही बसलो आहो.”

“आत्ता?”

“मंग कधी? मले काही आज झोप येईनच असं वाटत नाही.”

कोणीच उठेना. कोणाला कुठे जावंसंच वाटत नव्हतं. अंगात इतकी तरतरी होती की घरी जाऊन भिंत रंगवावी लागली असती. देवाजींनी पेन काढलं. हात थरथरत होता, पण तो सगळ्यांचाच थरथरत होता. त्यांनी तेराव्या सर्गाची पहिली ओवी तिथेच, मोठ्यानं म्हणत लिहिली. ती कामठीच्या पंक्चरच्या दुकानाची चतुःसीमा होती. बावीस माणसांनी ती श्वास रोखून ऐकली.

“पण दिल्लीले नका नेऊ हं,” रुखमाबाई मध्येच म्हणाल्या. “तिथची हवा लय खराब आहे. टीव्हीवर दाखवते.”

“खंडकाव्याचा नायक अर्ध्यातून परत येत नसतो, रुखमाबाई!” दत्तोपंत कडाडले.

“तुमचं पोरगं असतं तर पाठवलं असतं का?”

“माझं पोरगं दिल्लीलाच आहे.”

“म्हणूनच खोकते ना ते.”

सव्वापाच वाजता देवाजींच्या एकशे चाळीस ओव्या झाल्या होत्या, आणि नेमकं तेव्हा शोभाताईंना दारातून एक भयंकर गोष्ट दिसली. दत्तोपंतांनी जांभई दिली. लहानशी, मिशीआड, पण जांभईच. ती त्यांच्याकडून शेजारी गेली, शेजाऱ्याकडून सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला. नत्थूजींचा गुडघा थांबला.

देवाजी लिहिण्यात गुंग. त्यांनी पाहिलं नव्हतं.

शोभाताई आत पळाल्या. आधी त्यांनी सरळ मार्ग करून पाहिला. पातेलंभर ग्रीन टी केली, कपांत ओतली आणि ट्रे बाहेर नेला. नत्थूजींनी कपात डोकावून पाहिलं.

“बिनादुधाचा? काहून वहिनी, घरात कोणी बिमार आहे का?”

कोणी कपाला हात लावला नाही. रुखमाबाई म्हणाल्या, “चहा राहू द्या वं. ते दुपारची वडी आहे का? कडू होती जराशी, पण तिच्यानं कसं मोकळं मोकळं वाटून राहिलं होतं.”

“आहे ना,” शोभाताई म्हणाल्या. “आत्ता आणतो.”

त्यांनी गॅसवर तिन्ही मोठी पातेली चढवली. मिनलनं पाठवलेल्या पत्तीचा डबा उघडला आणि ओंजळी भरभरून पत्ती उकळत्या पाण्यात टाकली. पानं फुलली. त्यांनी चाळणी लावली, आणि तीन पातेली सोनेरी, वाफाळता, दोन हजार रुपये किलोचा चहा बेसिनमध्ये ओतून दिला. जन्मात त्यांनी भाताची पेजसुद्धा वाया घालवली नव्हती. पण त्यांचा हात थांबला नाही. पानं पिळली, विळी ओढली, चिरायला घेतलं. फ्रीजमध्ये सहा जुड्या सांभार होता. त्यातला त्यांनी एक मूठ वासापुरता घेतला, बाकी झाकण लावून ठेवून दिला. कढई तापली. वड्या पडल्या. एक घाणा बाहेर गेला, दुसरा पडला, तिसरा पडला.

तळणाच्या आवाजात आणि एक्झॉस्ट फॅनच्या घरघरीत त्यांना हॉलमधलं तुकड्यातुकड्यानं ऐकू येत होतं. कोणीतरी ओरडलं, “हॉर्न वाजव म्हणा त्याले!” मग टाळ्या. मग बराच वेळ काही नाही. त्या झारा धरून कानोसा घेत राहिल्या. मग नत्थूजींच्या नाक शिंकरण्याचा आवाज आला. त्यांना सर्दी नव्हती. दत्तोपंत म्हणत होते, “नाही, नाही, हे तुम्ही फार चांगलं केलंत.” आणि सर्वांत शेवटी सगळी सतरंजी एकदम उठल्यासारख्या टाळ्या पडल्या. त्या पडतच राहिल्या. गॅस बंद करून शोभाताई बाहेर आल्या, तेव्हा पावणेसात झाले होते. देवाजी मधोमध उभे होते, आणि बावीस माणसं त्यांच्याशी हात मिळवायला रांगेत उभी होती. रांगेत कोणी ढकलत नव्हतं.

जाताना नत्थूजी दारात थांबले. डोळे लाल होते. “वहिनी, असा शेवट मी कधी ऐकला नाही,” ते म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, “म्हणजे कोणताच शेवट मी कधी ऐकला नाही. पण हा भल्ला चांगला होता.”

घर रिकामं झालं. देवाजी सोफ्यावर बसून वहीच्या शेवटच्या पानावरून हात फिरवत होते. शोभाताईंनी सतरंजी झटकली. रुखमाबाईंच्या वाती पिशवीत भरल्या. दोन पिशव्या झाल्या.

“मंग?” देवाजी म्हणाले. “कसा वाटला तुले शेवट?”

शोभाताई खोटं बोलणार होत्या. ‘हाव, ऐकला ना’ जिभेवर आलं होतं. पण ते तोंड वर करून बघत होते, आणि आज त्या चेहऱ्यापुढे ते जमेना.

“ऐकू नाही आला जी,” त्या म्हणाल्या. “मी तळून राहिली होती.”

“बरं, मधला? फाटकाचा?”

“तेव्हा भांडे घासून राहिली होती.”

“सुरुवात तरी?”

“सुरुवातीले दरसाल खरकटं असते.”

देवाजी बोटांनी काहीतरी मोजल्यासारखं करत राहिले. बहुतेक वर्षं मोजत होते. सगळ्या ले-आउटानं ऐकलं होतं आणि घरातलं एक माणूस राहिलं होतं. त्यांनी वही हळूच मिटली. “जाऊ दे,” ते म्हणाले. “थकली असशीन तू. पुढच्या साली पाहू.”

टेबलावर परातीत चार वड्या उरल्या होत्या, गार झालेल्या. शोभाताई पहाटे चारपासून उभ्या होत्या. पाय असे दुखत होते की बसल्या जागी डोळा लागला असता. ‘उत्तरेस वाहे’ म्हणेपर्यंतसुद्धा नाही, ‘उत्तरेस’लाच. त्यांनी परात ओढली, सोफ्यावर देवाजींच्या शेजारी बसल्या, एक वडी उचलली आणि मोठा घास घेतला.

नाक चोंदलेलं असूनही त्यांना ती कळली. कडुलिंब बरा. त्यांचा एक डोळा आपोआप मिटला.

“कडू आहे ना?” देवाजी म्हणाले.

शोभाताईंनी तोंडातला घास न गिळता त्यांच्याकडे पाहिलं.

“मले दुपारपासूनच लागून राहिली होती. अकरा खाल्ल्या मी. म्हटलं, एवढे कष्ट केले तुनं, चारचौघांत काहून सांगा.”

शोभाताईंनी घास गिळला. उरलेली वडी तोंडात टाकली, तीही चावून चावून संपवली, बोटांचं तेल पदराला पुसलं आणि मांडीवर हात ठेवून ताठ बसल्या.

“करा सुरू.”

देवाजींनी वही उघडली. “तेराव्यापासून घेऊ? शेवट आहे त्याच्यात. पाऊण तासात होते.”

“काहून?” शोभाताई म्हणाल्या. “काटोलपासून घ्या.”

देवाजींनी घसा साफ केला, उभे राहिले आणि पहिलं पान काढलं. शोभाताईंनी दुसरी वडी घेतली.